नकाशातली निळी कमान

अ‍ॅक्रनला राहायला गेले त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी मला एक शब्द शिकवला. ओहायो राज्याच्या ईशान्येला असलेलं हे शहर एकेकाळी रबराची राजधानी म्हणून ओळखलं जायचं. मी तिथे पॉलिमर शिकायला गेले होते, साल 2003. कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा असं विचारलं तर आजी म्हणाल्या, ‘‘डेव्हिल्स स्ट्रिपवर ठेव.’’ फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची चिंचोळी पट्टी असते ना, तिला अ‍ॅक्रनमध्ये ‘सैतानाची पट्टी’ म्हणतात. तिथून क्लीव्हलँड चाळीस मैलांवर. तिथे त्याच पट्टीला ‘ट्री लॉन’ म्हणतात. शिकागोला गेलं की ती ‘पार्कवे’ होते. दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि खामगावहून चिखलदऱ्याला जाताना ते कानांनी अनुभवलेलंही. पण ज्या देशात सगळीकडे तीच दुकानं, तेच पेट्रोलपंप, तेच बर्गर, तिथेही हे असं असेल याची मला कल्पना नव्हती.

त्या एका शब्दाने मला नकाशांचा नाद लावला. आज वीस वर्षं झाली, तो सुटलेला नाही.

सुरुवात अर्थातच थंड पेयांच्या नकाशापासून झाली. अमेरिकेत नवीन आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी तो दाखवतंच. आपण ज्याला सरसकट कोल्ड्रिंक म्हणतो, त्याला ईशान्येला आणि कॅलिफोर्नियात सोडा म्हणतात. मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या मधल्या पट्ट्यात पॉप म्हणतात. दक्षिणेत मात्र सगळ्याच पेयांना कोक म्हणायची रीत आहे. ‘कोक देऊ का?’ ‘हो.’ ‘कुठलं?’ ‘संत्र्याचं.’ असा संवाद तिथे कुणाला खटकत नाही. कोका-कोला 1886 मध्ये जॉर्जियातल्या अटलांटा शहरात जन्मलं, तेव्हा घरच्या पेयाचं नाव सगळ्या जातीला चिकटलं यात नवल नाही. या नकाशात मला आवडतात ती बेटं. पॉपच्या समुद्रात सेंट लुइस आणि मिलवॉकीच्या भोवती सोडाचे दोन ठिपके आहेत. त्यांच्या मागे काहीतरी जुनं कारण असणार, इतकं ते ठिपके बघताच कळतं.

मग मी मागे मागे जात राहिले. हान्स क्युराथ या भाषाशास्त्रज्ञाने पूर्वेकडच्या राज्यांतल्या घरगुती शब्दांचे नकाशे 1949 मध्ये छापले. आपण ज्याला चतुर म्हणतो त्या किड्याला उत्तरेत रफू करायची सुई म्हणतात, पेनसिल्व्हेनियापासून पश्चिमेकडे सापाला भरवणारा, आणि दक्षिणेत सापाचा वैद्य. या तीन नावांच्या हद्दी राज्यांच्या हद्दींशी जुळत नाहीत. त्या जुळतात बैलगाड्यांच्या वाटांशी. ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमधून निघालेली कुटुंबं सरोवरांच्या काठाने पश्चिमेला गेली, पेनसिल्व्हेनियातली डोंगर ओलांडून ओहायो नदीच्या खोऱ्यात उतरली, व्हर्जिनियातली आणखी दक्षिणेकडून सरकली, आणि प्रत्येकाने आपला किडा बरोबर नेला. अ‍ॅक्रनचा भाग न्यू इंग्लंडमधल्या कनेटिकटच्या लोकांनी वसवला. म्हणून तिथल्या जुन्या गावांच्या मधोमध अजून न्यू इंग्लंडसारखं हिरवं मैदान दिसतं. तासभर दक्षिणेला गाडी हाकली की घरांची ठेवण बदलते, बोलण्यातले स्वर बदलतात, पण राज्य तेच, ओहायो.

खाण्याचंही तसंच. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजून त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पाणी शिंपडतात. पश्चिम भागात फक्त खांद्याचं मांस आणि व्हिनेगरमध्ये थोडं टोमॅटो. हद्द ओलांडून साउथ कॅरोलायनात गेलं की मध्यभागी मोहरीचा पिवळा सॉस लागतो, तिथे वसलेल्या जर्मन कुटुंबांची खूण म्हणून. मी स्वतः शाकाहारी. यातलं काहीच चाखलेलं नाही, पण या सॉसवरून चाळिशीतली माणसं आवाज चढवून भांडताना पाहिली आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. आपली चव आपल्या गावाची आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यासाठी भांडणारच.

नकाशे बघता बघता मला एक प्रश्न पडू लागला आणि तो नंतर कधी सुटला नाही: हे विचारलं कुणाला?

विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांनी अमेरिकेच्या प्रादेशिक इंग्रजीचा कोश हाती घेतला. 1965 ते 1970 या काळात त्यांची माणसं राहण्याजोग्या गाड्या घेऊन देशभर फिरली. या गाड्यांना ते ‘वर्ड वॅगन’ म्हणत. निवडलेली गावं 1,002. प्रत्येक ठिकाणी दीड हजाराहून जास्त प्रश्न. वाऱ्याला काय म्हणता, पोराला रागावताना काय म्हणता, गायीला कशी हाक मारता. बरेचसे उत्तर देणारे मुद्दाम म्हातारे निवडलेले, कारण जुने शब्द त्यांच्याकडेच होते. पहिला खंड 1985 मध्ये आला, शेवटचा कोशखंड 2012 मध्ये. कॅसिडी तोवर हयात नव्हते. या कोशातले नकाशे पहिल्यांदा बघताना विचित्र दिसतात. राज्यं वाकडी, फुगलेली. न्यूयॉर्क मोठं, आणि एवढं थोरलं वायोमिंग आक्रसलेलं. कारण तिथे राज्याचा आकार जमिनीवरून ठरवलेला नाही, माणसांवरून ठरवला आहे. मला ही गोष्ट फार थोर वाटते. शब्द माणसं बोलतात, माळरान बोलत नाही.

हार्वर्डच्या बर्ट व्हॉक्स यांनी 2000 नंतरच्या वर्षांत इंटरनेटवरून असंच सर्वेक्षण केलं. त्यात रस्त्याकडेच्या त्या गवताच्या पट्टीचाही प्रश्न होता. त्याच प्रश्नांच्या आधारावर जोशुआ कॅट्झ या विद्यार्थ्याने 2013 मध्ये रंगांचे सुंदर नकाशे केले आणि न्यूयॉर्क टाइम्सने त्यावरून केलेली प्रश्नमंजूषा तर सगळ्या देशाने सोडवली. पण इंटरनेटवरच्या सर्वेक्षणाला उत्तर देतं कोण? ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, वेळ आहे, ते. म्हाताऱ्यांच्या शब्दांचा नकाशा आणि तरुणांच्या शब्दांचा नकाशा हे दोन वेगवेगळ्या देशांचे नकाशे आहेत.

हल्ली ‘प्रत्येक राज्याची आवडती अमुक’ असे नकाशे सणासुदीला घरोघरी फिरतात. आवडती गोळी, आवडती भाजी, आवडतं गाणं. त्यात बहुधा आवड मोजलेलीच नसते. एखादी गोष्ट इतर राज्यांच्या मानाने इथे किती जास्त शोधली गेली, एवढंच मोजलेलं असतं. सगळीकडे पहिल्या क्रमांकावर असलेली गोष्ट अशा नकाशात कुठेच दिसत नाही आणि चार लोकांचा छंद अख्ख्या राज्यावर रंग चढवतो. याच रीतीने 2015 मध्ये दोन संशोधकांनी मृत्यूच्या कारणांचा नकाशा केला होता. त्यांनी मात्र मर्यादा स्वच्छ सांगितल्या होत्या. कोळशाच्या खाणींच्या राज्यांत धुळीने निकामी झालेली फुप्फुसं, अलास्कात विमानांचे आणि पाण्यावरचे अपघात. आणि लुइझियानावर सिफिलिस. दहा वर्षांतले 22 मृत्यू. अख्ख्या राज्याचा रंग त्या 22 जणांनी ठरवला. तो नकाशा बघताना मी त्या खाणकामगारांजवळच जास्त वेळ थांबले. तिथे रंगाच्या खाली खरंच काहीतरी आहे.

शेजारच्या आजींकडे परत येते. तोंडावर मी त्यांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारायचे, मनात आजीच म्हणायचे. त्या कृष्णवर्णीय होत्या. त्यांचे यजमान टायरच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत खपले आणि त्यांच्यामागे त्या एकट्याच राहत होत्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला पायरीवर बसवून विचारलं, ‘‘कोक घेशील?’’ आणि आत जाऊन लिंबाचं पेय घेऊन आल्या. मी चमकले. ओहायो तर पॉपचं राज्य! मी म्हटलं, तुम्ही इथल्या नाही का? त्या हसल्या. ‘‘इथे येऊन पन्नास वर्षं झाली. पण मी अलाबामाची, लाऊंड्स काउंटीची.’’ अलाबामा दक्षिणेतलं राज्य, आणि काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग.

माझ्या नकाशावर त्यांच्या स्वयंपाकघरापुरता रंग चुकलेला होता. अ‍ॅक्रनच्या रबर कारखान्यांनी दक्षिणेतून आणि डोंगरांतून इतकी माणसं ओढून आणली होती की या शहराला डोंगराळ वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी म्हणायचे. त्या सगळ्यांच्या घरांत दुसरेच शब्द होते. राज्याला एक रंग दिला की ही घरं पुसली जातात.

त्यांनी एकदा त्यांच्या गावच्या मातीचं वर्णन केलं. पावसात काळी, चिकट. चपलेला अशी धरते की पाय उचलत नाही. उन्हाळ्यात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. मी ऐकतच राहिले. ही तर आमची माती होती. आमची शेती खामगाव तालुक्यात, काळ्या जमिनीत. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत लहानपणी आम्ही काड्या टाकून खोली बघायचो. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असं शाळेत शिकवलेलं. मी विचारलं, तुमच्याकडे पिकायचं काय? ‘‘कापूस. दुसरं काय?’’ त्यांनी बोटं पुढे केली. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला होणाऱ्या जखमांच्या खुणा त्यांच्या हातांवर उरल्या नव्हत्या, पण त्या कुठे होतात ते त्यांनी दाखवलं, आणि मला माझ्या आजीचे हात आठवले. पऱ्हाटीत वाकून वेचणी करणाऱ्या बाईला देश विचारायची गरज नसते.

त्यानंतर मी शोधायला लागले आणि मला तो नकाशा सापडला, जो मी आजवर पाहिलेल्या नकाशांत सर्वांत मोठा मानते. खरं तर ते चार-पाच नकाशे आहेत, एकावर एक ठेवायचे.

सर्वांत खालचा आठेक कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा समुद्र आजच्या अलाबामा आणि मिसिसिपीच्या मध्यापर्यंत आत आलेला होता. उथळ, कोमट पाण्यात सूक्ष्म जिवांची कवचं साठत गेली आणि खडूचे थर बनले. समुद्र मागे हटला, खडूवर काळी सुपीक माती तयार झाली. चंद्रकोरीसारखा तिचा पट्टा. दुसरा नकाशा कापसाचा. एकोणिसाव्या शतकात मळेवाले याच पट्ट्यावर तुटून पडले, कारण असं पीक आजूबाजूच्या लाल जमिनीत येत नव्हतं. तिसरा नकाशा माणसांचा. अमेरिकेच्या सागरी सर्वेक्षण खात्याने 1860 च्या जनगणनेवरून 1861 मध्ये गुलामांच्या संख्येचा नकाशा काढला. काउंटी जितकी गडद, तितकं गुलामांचं प्रमाण जास्त. प्रत्येक काउंटीत टक्केवारीचा आकडा छापलेला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं; त्यातल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी तो विकत होते. अब्राहम लिंकन वारंवार हा नकाशा बघत असत. फ्रान्सिस कार्पेंटर या चित्रकाराने गुलाममुक्तीच्या घोषणेचं पहिलं वाचन रंगवलं, तेव्हा चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तो नकाशा टेकून ठेवलेला दाखवला. आणि सर्वांत वरचा नकाशा आजच्या निवडणुकांचा. लाल म्हणजे रिपब्लिकन पक्ष, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक. लाल दक्षिणेत काउंट्यांची एक निळी कमान दिसते, मिसिसिपीतून अलाबामात, तिथून पुढे जॉर्जिया आणि कॅरोलायनांकडे गेलेली. अलाबामा-मिसिसिपीतला तिचा भाग त्या प्राचीन किनाऱ्यावर जवळजवळ बरोबर बसतो. या भागाला ब्लॅक बेल्ट, म्हणजे काळा पट्टा, म्हणतात. गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी लिहून ठेवलं आहे की हे नाव आधी मातीच्या रंगावरून पडलं.

खडू, माती, कापूस, माणसं, मतं. ही साखळी पहिल्यांदा कळली त्या रात्री मला झोप आली नाही. आपण ज्याला लोकांची पसंती म्हणतो तिची मुळं इतकी खोल असू शकतात. हे मी पुढे अनेकांना सांगितलं, सगळे थक्क झाले. आजींना सांगितलं तेव्हा त्या थक्क झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘मधला एक नकाशा राहिला तुझा.’’

मग त्यांनी सांगितलं. 1965 च्या सुरुवातीला लाऊंड्स काउंटीत दर पाच माणसांपैकी चार कृष्णवर्णीय होती, आणि मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. एकही. नाव नोंदवायला जाणाऱ्याला राज्यघटनेवरचे प्रश्न विचारून परत पाठवत. त्याहून वाईट म्हणजे कोण आलं होतं ते जमीनदाराला कळत असे. 1964 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर अलाबामाच्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक उमेदवार लिंडन जॉन्सन यांचं नावच नव्हतं. त्या वेळचे काउंटीवार नकाशे मी नंतर पाहिले. निळी कमान तिथे नाही. माती तीच, माणसंही तीच, पण कमान नाही. मार्च 1965 मध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी असा 54 मैलांचा मोर्चा निघाला, तो लाऊंड्समधून गेला. 6 ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला, आणि केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी ज्या काउंट्यांत सर्वांत आधी पोचले त्यांत लाऊंड्स होती. आजींची आई तेव्हा तिथेच होती, साठी ओलांडलेली. रविवारची टोपी घालून ती रांगेत उभी राहिली. नाव नोंदवलं म्हणून अनेक कुळांना जमीनदारांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवे 80 च्या कडेला तंबूंत राहिली, काही तर दोन वर्षांपर्यंत.

समुद्राने माती दिली, पण कमान समुद्राने काढलेली नाही. ती रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी काढली. 1861 च्या नकाशात त्यांना मोजलं होतं, विचारलं नव्हतं. मोजणं आणि विचारणं यांच्यामध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली.

माझ्या गावाचा या गोष्टीशी खरा धागा आहे, आणि तो माझ्या घरात कुणाला माहीत नव्हता. यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा. तो थांबला आणि त्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले, मुंबईत पैशांचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण वऱ्हाडात कापूस राहिला. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो गठाणी नेण्यासाठीच. आमची जमीनही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, म्हणजे तिथे खडूच्या समुद्राचं युग संपत होतं त्या सुमाराची. माझ्या पणजोबांनी ज्वारीऐवजी पऱ्हाटी का लावली असेल, याचं थोडंसं उत्तर लाऊंड्स काउंटीत आहे. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

2004 च्या नोव्हेंबरात ओहायोत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. साऱ्या देशाचा निकाल त्या राज्यावर अडकला होता. मला अर्थातच मत नव्हतं. काठी टेकत जाणाऱ्या आजींना मी केंद्रापर्यंत सोबत केली आणि बाहेर थांबले. रांग लांब होती. त्या बसल्या नाहीत. राज्यात 56 लाखांवर मतं पडली, फरक सुमारे 1 लाख 18 हजारांचा, आणि रात्री उशिरा टीव्हीवर अख्खं ओहायो लाल झालं. (लाल-निळ्याचा हा संकेतही जुना नाही. 2000 च्या निवडणुकीने तो पक्का केला. 1980 मध्ये एका वाहिनीच्या नकाशावर रिपब्लिकन रेगन यांनी जिंकलेली राज्यं निळी होती.) दुसऱ्या दिवशी वर्गातला एकजण म्हणाला, आपलं राज्य कसं आहे ते आता कळलं. मला त्याला आजींच्या पायरीवर घेऊन जावंसं वाटलं. लाखो निळी मतं त्या लाल रंगाखाली होती, आणि त्यातलं एक ज्या पायांवर उभं राहून दिलं गेलं ते मी पाहिले होते.

अ‍ॅक्रन सोडून मला आता बरीच वर्षं झाली. त्या सर्वेक्षणांत काजव्याचाही एक प्रश्न आहे. उत्तरेत आणि पश्चिमेत फायरफ्लाय, दक्षिणेत आणि मध्यात लाइटनिंग बग. जून महिन्यात अंधार पडायला लागला की सैतानाच्या पट्टीवरच्या गवतातून ते वर यायचे. आजी अर्थातच लाइटनिंग बग म्हणायच्या. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्यात याला काय म्हणतात गं पोरी?’’ मी सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ‘ज’ काही केल्या जमेना, ‘व’ ओठांत अडकला, पण त्यांनी सोडलं नाही. त्या उन्हाळ्यात पुढे त्या रोज संध्याकाळी पायरीवरून मला हाक मारून सांगायच्या, ‘‘आले बघ तुझे काजवे.’’